सोळा नंबरवरचं घड्याळ

मोटुकाहा खाडीत हौसेने होडी बाळगणाऱ्या प्रत्येकाने नोलीन पॅस्कोची बोलणी खाल्ली होती. निघताना वायरलेसवर तिला सांगायचं, माणसं किती, जाणार कुठे, परत कधी; आणि आल्यावर 'पोचलो' म्हणायचं. चॅनल सोळा फक्त हाकेसाठी, गप्पा हाणायच्या तर दुसरा नंबर लावा! पण तिचा खरा दात होता दबलेल्या बटणावर. माईकचं बटण कशाखाली दबून राहिलं की सगळ्यांचं चॅनल अडतं, आणि ज्याचं बटण त्याला स्वतःला मात्र कोणाचंच काही ऐकू येत नाही.

अकरा वर्षांपूर्वी तिचा नवरा क्लेम धुक्यात बुडाला, तेव्हा वीस मिनिटं कोणाचं तरी बटण असंच दबलेलं होतं. ती बिचारी घरात विणकाम मांडीवर घेऊन त्याच्या हाकेची वाट पाहत बसली होती. नंतर तिने खाडीभर विचारलं, "काय ऐकू येत होतं त्यावर?"

"नुसती खरखर, आंटी," सगळे म्हणाले. तेव्हापासून त्या अज्ञात गाढवाला ती रोज सकाळी चहाबरोबर शिव्या घालायची.

त्या दिवशीही धुकं उतरलं. शेजारचा हेमी तौतारी एकटाच मासे धरायला गेला होता. दहाला परतायचा, साडेदहा झाले तरी 'पोचलो' नाही. टेबलावरचा वायरलेस गप्प. नोलीनचा जीव टांगणीला लागला. किटली चढवून, दार ओढून, हातातला छोटा वायरलेस घेऊन ती धक्क्याकडच्या ओसरीत आली आणि तो चालू केला.

त्या छोट्या वायरलेसमधून टिकटिक आली. एक ठोका, मग जरा थांबून दोन, लंगडत चालल्यासारखी. शेजारी कुणीतरी संथ घुरघुरत होतं. तिच्या अंगावर काटा आला. "कोण आहे? बटण सोड, मेल्या!" ती ओरडली. टिकटिक चालूच.

मग वायरलेसमध्ये किटलीची शिट्टी वाजली. आणि तीच शिट्टी तिच्या पाठीमागे, बंद दाराआड.

ती धावली. टेबलावर तिचं मांजर माईकवर पसरून सुखाने घुरघुरत होतं. तिने त्याला ढकललं, आणि लगेच हेमीचा आवाज फुटला, "...कोणी आहे का? डावीकडे खडकावर लाटा फुटतायत, मला काही दिसत नाही!"

"मी आहे रे! उजवीकडे वळ, अगदी हळू. मी धक्क्यावरची घंटा वाजवते, तिच्या रोखाने ये."

खांदे भरून येईपर्यंत तिने घंटा बडवली. होडी धक्क्याला लागली तेव्हा तिला रडू आवरेना.

हेमी स्वयंपाकघरात चहा घेऊन बसला. तो भिंतीवरच्या लंगड्या घड्याळाकडे बघायचं टाळत होता, हे नोलीनच्या लक्षात आलं.

"क्लेमच्या दिवशी," तिने विचारलं, "खरखर नव्हती ना?"

हेमीने कप खाली ठेवला. "नाही, आंटी."

"घड्याळ होतं?"

"घड्याळ होतं. आणि तुम्ही विणता विणता गुणगुणत होता."

अकरा वर्षं सगळी खाडी तिच्या शिव्या ऐकत मूग गिळून बसली होती. नोलीनने भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं.

"म्हणजे क्लेमनेही ऐकलं," ती म्हणाली.

"हो," हेमी म्हणाला. "शेवटपर्यंत."