दारापुढची चप्पल

दर रविवारी सकाळी आमच्या समोरच्या घरापुढे एक बाई मोपेड लावतात. पांढरी साडी, काखेत बायबल. दाराशी चप्पल काढतात, बेल वाजवतात आणि थांबतात. आत त्यांची धाकटी बहीण राहते. आईच्या आजारपणात कोणी किती केलं, यावरून तिनं बोलणं टाकलं आहे. टीव्हीचा आवाज मोठा होतो, दार उघडत नाही. मग बाई चप्पल घालून चर्चला जातात.

समेटावर माझा विश्वास नाही. आमच्या सोसायटीच्या स्नेहमेळाव्यात मंचावर कोणी बसायचं, यावरून दोन कुटुंबं अजून बोलत नाहीत. एकदा गॅलरीतून मी म्हणालो, "ताई, कशाला त्रास करून घेता?"

"आधी बहिणीशी समेट, मग माझ्याजवळ ये, असं प्रभूनं सांगितलं हाये, भाऊ. चर्चमंदी प्रभुभोजनाची भाकर वाटतात तवा मी न घेता मागंच बसून राहते. घ्यायचं लय मन होते."

"पण ती उघडतच नाही!"

"उघडणं तिचं. मले वाजवायले सांगितलं."

माझ्या दाराची बेल फक्त कुरिअरवाला वाजवतो. रविवारी मी पेपर घेऊन गॅलरीत बसतो, तो पेपरासाठी नव्हे.

गेल्या रविवारी बेल वाजली आणि टीव्ही बंद झाला. आतली कडी सरकली. गल्ली अरुंद, मलाही ऐकू आलं. दार मात्र लोटलेलंच राहिलं.

"ढकला ना, ताई!" मी ओरडलो.

"नाही गा भाऊ," त्या हळूच म्हणाल्या. "तिचा हात लागू दे."

चर्चची घंटा झाली. एरवी याच वेळी त्या चप्पल घालतात. त्या दिवशी घातली नाही.