भर दुपारी हललेली सुई

दुष्काळाच्या त्या वर्षी तुमच्या आजोबांनी घरीच भूकंपमापक बनवला. जात्याचा वरचा दगड तारेने आढ्याला टांगला आणि त्याला बांधलेली सुई काजळी धरलेल्या काचेवर टेकवली.

"आता दळू कशावर?" सासूबाई कडाडल्या.

"दळायला हाय काय घरात?" आजोबा हसले.

भूकंप आलाच नाही. सुई हलायची ती संध्याकाळी, माणसं वर आल्यावर विहिरींत सुरुंग उडवत तेव्हा. मळे लांब, आवाज पोचत नसे.

एकदा ती भर दुपारी थरारली. आजोबांचा धाकटा भाऊ आमच्या विहिरीत उतरला होता.

"कुठल्या हिरीत उडाला रं?" सासूबाईंनी विचारलं.

शिवारभर विहिरी खोदल्या जात होत्या आणि सुईला विहीर ओळखता येत नव्हती. आजोबा अनवाणीच धावले. मी पोचले तेव्हा आमच्याच विहिरीतून भावोजींचं प्रेत वर घेत होते.