अबोल्यातला डिफेन्स

बास्केटबॉलमध्ये डिफेन्स पायांनी करतात असं ज्यांना वाटतं, त्यांनी आमच्या घरी येऊन आठ दिवस राहून बघावं. डिफेन्स तोंडानं करतात. मला हे नव्वदच्या दशकाच्या शेवटी कळलं, कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला असताना, आणि कळायला एक अख्खी फायनल खर्ची पडली.

आमचा मळा मखमलाबादला. कोबी, टोमॅटो, बांधाच्या कडेनं झेंडू, गोठ्यात एक म्हैस. घरात आई, वडील, दादा, मी आणि दादाची बायको, म्हणजे माझी वहिनी. वहिनी सायखेड्याची. वयानं माझ्याहून एका वर्षानं मोठी आणि उंचीनं आमच्या घरातल्या सगळ्यांहून मोठी. लग्नाच्या अल्बममध्ये दादा जिथे जिथे तिच्या शेजारी उभा आहे, तिथे तिथे तो पाटावर उभा आहे. फोटोग्राफरनं पाट तेवढा चतुराईनं कापला आहे, पण एका फोटोत राहिलाच.

लग्नानंतर तिनं आमच्याच कॉलेजात बी.ए.ला नाव घातलं. आमच्या टीमला सेंटर, म्हणजे टोपलीखाली उभी राहणारी उंच खेळाडू, नव्हती. होती ती माझ्या खांद्याला लागायची, आणि मी स्वतः काही फार उंच नाही. मी आमच्या सरांना म्हटलं, घरी एक आहे, आणते. सरांनी तिला पाहिलं आणि शिट्टी तोंडातून काढून खिशात ठेवली. एरवी ती शिट्टी ते जेवतानाच काढत असावेत.

आईला पटवायला मला तीन दिवस लागले. सुनेनं टोपलीत चेंडू टाकायला कॉलेजात जायचं, हे तिच्या डोक्यात बसेना. शेवटी तिनं अट घातली. जोवर जिंकताय तोवर खेळा, ज्या दिवशी हराल त्या दिवसापासून वहिनीचा खेळ बंद. आईला वाटलं, पहिल्याच मॅचला विषय संपेल. आम्ही लागोपाठ चार मॅच जिंकलो आणि झोनच्या फायनलला आलो. आई रोज संध्याकाळी निकाल विचारायची आणि जिंकलो म्हटलं की भाकरी जरा जोरात थापायची.

वहिनीला मात्र तो खेळ असा काही लागला होता की काय सांगू. पहाटे झेंडू तोडताना ती दोन सरींच्या मध्ये बाजूला सरकायचा सराव करायची, गुडघे वाकवून, हात पसरून. शेजारच्या मळ्यातल्या आजोबांनी एकदा वडिलांना हळूच विचारलं होतं, सूनबाईला कंबरेचा त्रास हाय का म्हणून.

फायनल मालेगावच्या टीमशी होती. त्यांची एक शूटर होती. बारीक, शांत, डोक्याला घट्ट स्कार्फ, जर्सीच्या आत पूर्ण बाह्यांचा टी-शर्ट. तिच्या घरी माग होते म्हणे. ती चेंडू टाकायची तेव्हा तिच्या चेहऱ्यावर काहीच नसायचं, आणि चेंडू जाळीतून जाताना आवाजही होत नसे. तिला अडवायचं काम माझ्याकडे. पण ती एकटी आली असती तर मी बघून घेतलं असतं. ती एकटी यायची नाही.

त्यांची सेंटर येऊन माझ्या वाटेत भिंतीसारखी उभी राहायची, आणि शूटर त्या भिंतीला घासून निसटायची. याला स्क्रीन म्हणतात. मी शूटरकडे बघत पळत असायचे, त्यामुळे भिंत मला दिसायची ती नाकावर आदळल्यावर. त्या भिंतीला सांभाळणारी आमची वहिनी. तिला मागून सगळं दिसायचं. म्हणजे सांगायचं तिनं, "डावीकडून स्क्रीन," आणि तेवढा क्षण स्वतः पुढे येऊन शूटरची वाट अडवायची. मी भिंतीला वळसा घालून पोचले की तिनं मागे पळायचं, कारण तोवर भिंत वळून टोपलीकडे सुटलेली असते. सरांनी हे आम्हाला चहाच्या टपरीवर दोन ग्लास, एक बिस्किटाची बरणी आणि टपरीवाल्याचा लिंबू घेऊन समजावलं होतं. भिंतीच्या मागून पळायचं नाही, मागून गेलात की ही पोरगी तिथूनच टाकते, एवढं ते पुन्हा पुन्हा सांगत होते. लिंबू म्हणजे चेंडू होता. तो मध्येच दुसऱ्या गिऱ्हाइकाच्या पोह्यांवर पिळला गेला.

सुरुवातीला वहिनीच्या सांगण्यात वेगळीच अडचण होती. आमच्याकडे नणंद धाकटी असली तरी तिला ताई म्हणतात आणि अहो-जाहो करतात. त्यामुळे वहिनी ओरडायची, "ताई, तुमच्या डावीकडून ती येतीये, जरा सांभाळून घ्या." हे वाक्य संपेपर्यंत समोरच्यांचे दोन पॉइंट झालेले असत. सरांनी सांगितलं, मैदानावर मानपान नको, एकच शब्द. मग ती नुसतं "डावी" किंवा "उजवी" म्हणायला लागली आणि घरी आल्यावर माझी माफी मागायची. आमचं छान जमलं होतं.

आणि फायनलच्या बारा दिवस आधी मी माती खाल्ली.

झालं असं की माझे पांढरे बूट चिखलानं भरले होते. फायनलसाठी ते चकाचक असावेत म्हणून वहिनीनं मला न सांगता धुतले, आणि दादाच्या शर्टांना घालतात तशी त्यांना नीळ घातली. नीळ जास्त झाली. बूट आकाशासारखे निळे झाले. मी ते बघितले आणि माझं डोकं फिरलं. माझं डोकं लवकर फिरतं, अजूनही फिरतं. मी आईसमोर, दादासमोर म्हणाले, "तुमच्या सायखेड्यात माणसं बूट घालतात का तरी?"

बूट धुण्यावरून चार शब्द ऐकवले असते तर तिनं ऐकून घेतले असते. पण मी माहेर काढलं. वहिनी सरळ गोठ्यात गेली आणि म्हशीला म्हणाली, "म्हशे, आजपासून आपलं तोंड बंद."

आमच्या घरात अबोल्याची रीतसर पद्धत आहे. ज्याच्याशी बोलायचं नाही त्याला ऐकू जाईल अशा बेतानं दुसऱ्याशी बोलायचं. लेकी बोले सुने लागे, ही नुसती म्हण नाही, आमच्याकडची टपालव्यवस्था आहे. वहिनी म्हशीला सांगायची की काही लोकांचा चहा ओट्यावर निवतोय. मी आईला सांगायचे की चहात साखर नाही. आई तो निरोप चार पावलांवर उभ्या असलेल्या वहिनीला पोचवायची, आणि वहिनी म्हशीला सांगायची की गोड बोलणाऱ्यांना साखर लागत नाही. दादा या सगळ्यातून अंग काढून सातपूरच्या कंपनीत ओव्हरटाइम करत होता.

मी माफी मागायला हवी होती. मला पहिल्याच दिवशी कळत होतं. पण चूक आपली असली की जीभ जास्तच जड होते. शिवाय निळे बूट रोज डोळ्यांसमोर.

फायनल आमच्याच कॉलेजच्या सिमेंटच्या कोर्टवर होती. आई पहिल्यांदाच बघायला आली. सुनेचा खेळ बंद होताना स्वतः हजर राहावं म्हणून आली, असं मला वाटलं. ती कडेच्या पायरीवर पदर खोचून बसली.

मॅचआधी एक गोष्ट झाली. मंगळसूत्र घालून खेळू देत नाहीत, म्हणून वहिनी ते रुमालात बांधून नेहमी माझ्या बॅगेत ठेवायची. त्या दिवशीही ती आली, माझ्याकडे न बघता बॅगेची चेन उघडली, पुरचुंडी आत ठेवली आणि गेली. टीममधल्या दुसऱ्या कुणाचीही बॅग तिला चालली असती. मला इतकी लाज वाटली की मी बुटांची नाडी तीनदा बांधली.

खेळ सुरू झाला. पहिलीच भिंत आली आणि मी तिच्यावर आदळले. वहिनीनं ती पाहिली होती. पण सांगणार कुणाला? तिनं घरची पद्धत वापरली. जवळ पंच उभे होते. ती त्यांना म्हणाली, "पंच, उजवीकडून स्क्रीन येतीये."

पंचांनी तिच्याकडे बघितलं. तोवर मालेगावच्या पोरीनं चेंडू टाकून दिला होता. पुढच्या वेळी वहिनीनं पुन्हा पंचांनाच कळवलं. त्यांनी तिला समज दिली की खेळाडूंनी पंचांशी बोलायचं नाही. तिनं मान डोलावली, आणि पुढची स्क्रीन आल्यावर सवयीनं पुन्हा त्यांनाच सांगितली. पंचांनी टेक्निकल फाउल दिला. मालेगावच्या शूटरनं दोन्ही फ्री थ्रो टाकले. सरांनी शिट्टी चावली. खरंच चावली, तिच्यावर दात उठलेले मी नंतर बघितले.

मीही काही कमी नव्हते. मला वहिनीला मागे राहायला सांगायचं होतं, तर मी आमच्या कॅप्टनला म्हटलं, "तिला सांग, मागे राहा." कॅप्टन कोर्टच्या दुसऱ्या टोकाला होती. तिला ऐकू गेलं नाही, पण माझ्या हाताखालून निघालेल्या शूटरला गेलं. आमचं नातं एव्हाना सगळ्या झोनला माहीत होतं. ती जाता जाता वहिनीला अदबीनं म्हणाली, "भाभी, आपकी ननद बोल रही है, पीछे रहो." वहिनी मागे राहिली. शूटरनं थांबून, नीट बघून बास्केट केली.

मध्यंतराला आम्ही अकरा पॉइंटनी मागे होतो. सर म्हणाले की तुमच्यात काय झालंय ते मला विचारायचं नाही, पण ती पोरगी तुमचे निरोप पोचवतेय, हे बरं दिसत नाही. वहिनी पाण्याच्या ड्रमकडे बघत बसली होती. तिचा खेळ त्या दिवशी संपणार होता आणि तो माझ्या जिभेमुळे संपणार होता. मला हे स्पष्ट कळत होतं, आणि तरी तोंड उघडेना.

दुसऱ्या हाफला तोंड उघडलं ते आईनं.

बारा दिवस निरोप पोचवून तिला सवय लागली होती. वहिनी मान वळवते आणि मी आदळते, एवढं तिनं पायरीवर बसून हेरलं. पुढची भिंत आली तशी ती उभी राहून ओरडली, "अगं, डावीकडून हाय, तुझी वहिनी सांगती." वहिनीनं काहीच सांगितलं नव्हतं. पण मी डावीकडे वळसा घातला, शूटरच्या समोर पोचले आणि आयुष्यात पहिल्यांदा तिच्या चेहऱ्यावर काहीतरी दिसलं.

मग आई थांबलीच नाही. ती कोर्टच्या कडेनं आमच्याबरोबर पळायला लागली, चपला हातात घेऊन. "उजवीकडून! आता माघारी फिर सूनबाई, ती उंच पोरगी निघाली." टपरीवर ग्लास न मांडता तिला सगळं कळलं होतं. सर तिच्या मागे मागे पळत होते आणि ती म्हणेल त्याला हो म्हणत होते. आम्ही एकेक पॉइंट भरून काढला. शेवटचं अर्धं मिनिट उरलं तेव्हा आम्ही एका पॉइंटनं पुढे होतो.

चेंडू शूटरकडे. भिंत माझ्या उजवीकडून निघाली, आईचा आवाज आला, मी वळसा घातला आणि वहिनी ठरल्याप्रमाणे पुढे आली. त्या क्षणी आम्ही दोघी एकमेकींच्या इतक्या जवळ होतो की तिच्या हाताला झेंडूचा वास येत होता. सकाळी मॅच असूनही तिनं फुलं तोडली होती. मला म्हणायचं होतं, "तू मागे जा." तोंडातून निघालं, "वहिनी, मी सायखेड्याला बोलायला नको होतं."

वहिनी जागच्या जागी थांबली. हात पसरलेलेच होते. ती म्हणाली, "ताई, नीळ माझ्याकडूनच जास्त झाली हो."

"नीळ मरू दे," मी म्हटलं. "मी चुकले."

मालेगावची पोरगी आमच्याकडे बघत होती. तिनंही बिचारीनं जरा वाट बघितली असं मला आजही वाटतं. मग तिनं चेंडू टाकला. आवाज झाला नाही.

वेळ संपल्याची शिट्टी वाजली आणि आम्ही हरलो. वहिनी रडत होती, मी रडत होते, आणि आम्ही दोघी कोर्टच्या मधोमध गळ्यात गळा घालून उभ्या होतो. जिंकलेल्या टीमला वाटलं आम्हीच जिंकलो. शूटर येऊन आम्हा दोघींच्या पाठीवर हात ठेवून गेली.

रिक्षात आई एक शब्द बोलली नाही. घरी आल्यावर तिनं कुणाकडे न बघता चूल पेटवली. आम्ही दोघी दारात उभ्या राहून ते एक वाक्य ऐकायची वाट बघत होतो, आजपासून बंद. ती ते म्हणेना. मी पाणी दिलं, घेतलं नाही. वहिनीनं परात ओढली, तर तिनं ती परत ओढून घेतली. तेव्हा आमच्या लक्षात आलं. आईनं आमच्याशी अबोला धरला होता.

थोड्या वेळानं ती धार काढायला गोठ्यात गेली. आम्ही कुडाआड जाऊन उभ्या राहिलो. घसा बसला होता, तरी आम्हाला ऐकू जाईल एवढ्या आवाजात ती म्हशीला म्हणाली, "मी एवढं बोंबलून सांगतीये, आन् या दोघी तिथं गप्पा मारत्यात. सांग त्यांना म्हशे, पुढच्या वर्षी ती पोरगी मोकळी सुटली तर माझ्यासारखी वाईट नाय."

वहिनीनं माझा हात एवढा दाबला की बोटं दुखली. म्हशीनं आम्हाला तो निरोप काही दिला नाही. पण दुसऱ्या दिवशी पहाटे झेंडूच्या सरींमध्ये आम्ही दोघी गुडघे वाकवून सरकत होतो, आणि बांधावर उभी राहून आई शेजारच्या आजोबांना मोठ्यानं सांगत होती की डावीकडून स्क्रीन येतीये.