वकिलांचं गळू

माझे आजोबा इंग्रजांच्या अमदानीत डॉक्टर झाले आणि तरीही अस्पृश्यच राहिले. म्हणजे काय, ते मला अप्पांनी, माझ्या वडिलांनी, सांगितलं. बेळगावकडच्या एका गावात सरकारी दवाखान्यावर आजोबांची नेमणूक झाली, तेव्हा तिथल्या प्रतिष्ठितांनी ठरवलं की या डॉक्टरकडे जायचं नाही. निदान दिसेल असं जायचं नाही. दवाखान्याला मागे एक दार होतं. दुपारी गल्ली निजली की ही मंडळी उपरण्यात तोंड लपवून त्या दारानं यायची. नाडी दाखवताना मनगटावर रेशमी कापड टाकायची. औषधाची बाटली आजोबांनी उंबऱ्यावर ठेवायची, मग त्यांनी उचलायची. धर्म शाबूत, आणि खोकलाही बरा.

काही दिवस आजोबांनी हे चालवून घेतलं. मग सुतार बोलावला आणि मागच्या दाराला खिळे ठोकले. ज्याला यायचं त्यानं समोरून यावं.

सगळ्यात पंचाईत झाली गावच्या वकिलांची. स्वराज्यावर तासभर बोलणारे गृहस्थ. त्यांच्या मानेमागे लिंबाएवढं गळू आलं. पोटिसं झाली, लेप झाले, गळू काही फुटेना. शेवटी ते भर दिवसा पुढच्या दारानं आले आणि चांभार, कोष्टी बसले होते त्याच बाकाजवळ उभे राहिले. लोक सवयीनं उठू लागले. आजोबांनी आतूनच सांगितलं, "कुणी उठायचं नाही. नंबरानं या."

नंबर आल्यावर वकील हळूच म्हणाले, "हात न लावता फोडता येईल का?"

"येईल की," आजोबा म्हणाले. त्यांनी उकळलेली सुरी ताटलीत घालून पुढे सरकवली. "घ्या. तुम्हीच फोडा."

"मला मानेमागचं कसं दिसणार?"

"मला दिसतं. पण मी हात लावायचा नाही म्हणता."

वकिलांनी ताटली परत सरकवली. मग त्यांनी मान खाली घातली. आजोबांनी गळू कापलं, पू काढला, पट्टी बांधली. वकिलांनी घरी जाऊन डोक्यावरून आंघोळ केली, त्यात पट्टी भिजली, म्हणून दुसऱ्या दिवशी ती पुन्हा बांधून घ्यायला आले.

जखम भरायच्या आत त्यांनी वर तक्रार केली: डॉक्टर उद्धट आहे. आजोबांची बदली झाली. तान्ह्या अप्पांना घेऊन ते बैलगाडीतून गाव सोडून गेले. एकाही प्रतिष्ठितानं तोंड उघडलं नाही. ती तोंडं डॉक्टरला जीभ दाखवण्यापुरतीच उघडायची.

मीही डॉक्टर आहे. बंगळूरला पीण्या भागात माझा दवाखाना आहे. मागच्या वर्षी त्या वकिलांच्या नातवानं मला शोधून काढलं. निवृत्त इंजिनियर, बसवनगुडीत घर, बोलणं तुपासारखं. "अक्का, आमच्या आजोबांनी तुमच्या आजोबांना फार आधार दिला हो. आमच्या घरात जातपात कधी नव्हतीच." असं म्हणणाऱ्यांना बाकी सगळ्यांच्या जाती तोंडपाठ असतात, हा माझा अनुभव. त्यांच्या आजोबांची स्मृतिसभा होती. मी दोन शब्द बोलावेत, अशी त्यांची इच्छा होती.

मी गेले आणि गळूची गोष्ट सांगितली. खिळे, सुरी, आंघोळ, तक्रार, सगळं. व्यासपीठावरून खाली उतरले तर इंजिनियर माझी वाटच बघत होते.

"स्वल्प जास्तच झालं, अक्का. आजच्या दिवशी गळू कशाला?"

"तुम्ही आधार म्हणालात ना? तुमच्या आजोबांच्या मानेला माझ्या आजोबांच्या हाताचा होता. मला तेवढाच माहीत आहे."

ते कसनुसं हसले. तेवढ्यात अध्यक्ष उठले आणि गहिवरून म्हणाले की त्या काळातही एक वकील आणि एक डॉक्टर यांच्यात अशी निर्मळ मैत्री होती, हे ऐकून आपण धन्य झालो. टाळ्या कडकडल्या. इंजिनियरनीही वाजवल्या. या लोकांना शिवी दिली तरी ती शालीत गुंडाळून ते स्वतःच्याच खांद्यावर घालतात.

आत पानं मांडली होती. मी न जेवता रिक्षा केली.

घरी अप्पा जागेच होते. त्यांनी सगळं नीट ऐकून घेतलं. मग विचारलं, "जेवलीस तिथे?"

"नाही. घशाखाली उतरलं नसतं."

"चुकलीस," अप्पा म्हणाले. "पंगतीत मधोमध बसायचं, आणि दोनदा वाढून घ्यायचं."