उतरलेली साखळी

एफ्रेन बाराहासबद्दल कॅप्टन व्हर्जिल स्ट्राउडला फारसं काही ठाऊक नव्हतं. तीन उन्हाळे तो कैदी त्याच्या वणवा विझवणाऱ्या तुकडीत राबला, पण कशासाठी आत आला, हे व्हर्जिलने कधी विचारलं नाही. बेकर्सफील्डला मुलगी आहे, एवढंच कानावर होतं.

तुकडीत सगळ्यात पुढे यंत्राची करवत चालते. ती झुडपं पाडते आणि मागचे जमीन खरवडून आगीला आडवा पट्टा काढतात. करवत थांबली की अख्खी रांग थांबते. करवत एफ्रेनकडे होती. दुसरी करवत बिघडून तळावर पडली होती.

त्या दुपारी वायरलेसवर हुकूम आला, दरीत उतरा. खाली मॅन्झानिटाची झुडपं वाळून चुरचुरीत झाली होती. आग पलीकडच्या उतारावर होती.

"कॅप्टन, वारा फिरतोय," एफ्रेन म्हणाला.

"मलाही नाक आहे. मग, नाही म्हणतोस?"

मागून रांगेतला ड्वेन खिदळला. "म्हण ना, भावा! भिंतीआड तुझी खाट अजून गरम असेल!"

कोणी हसलं नाही. इथे सगळे राजीखुशीने येतात, असं कागदोपत्री असतं. पण कामाला नकार दिला की परत तुरुंगात, आणि शिक्षेत मिळालेली सूटही जाते. एफ्रेन नाताळच्या आत घरी जाणार होता.

तो नाही म्हणाला नाही. करवत सुरू करून दरीच्या काठापर्यंत गेला. तिथे ती घरघरून बंद पडली.

"साखळी उतरली, कॅप्टन."

सकाळी तो ती घट्ट बसवत असताना व्हर्जिल शेजारीच उभा होता. आता एफ्रेन दगडावर बसून एकच नट पुन्हा पुन्हा पुसत होता. मुद्दाम अवजार बिघडवणं म्हणजे नवा गुन्हा.

"स्ट्राउड, उतरलात का?" वायरलेस ओरडला.

सगळी रांग व्हर्जिलकडे बघत होती. त्याने वायरलेस तोंडाजवळ धरला.

"करवत बिघडलीय," तो म्हणाला. "थांबावं लागेल."

थोड्याच वेळात वारा उलटला. आग दरीत उतरली आणि खालून गर्जत वर आली. सगळे मागे, आधीच जळून गेलेल्या काळ्या जमिनीवर धावले. व्हर्जिलने डोकी मोजली. सगळी होती.

पुढच्या आठवड्यात दुखऱ्या गुडघ्यामुळे व्हर्जिलची तुकडी सुटली. एफ्रेन ठरल्या वेळी घरी गेला, असं त्याने नंतर ऐकलं. त्या साखळीबद्दल त्यांचं शेवटचं बोलणं आगीच्याच संध्याकाळी अवजारांच्या खोलीत झालं होतं.

"साखळी बसली?"

"बसली, कॅप्टन."

"उद्या तेल घाल तिला."

"घालतो."