एस्तेरबाईंची गाळलेली पायरी

मागच्या बुधवारी काय वाचलं, हे एस्तेरबाई कधीच विचारत नसत. आम्ही बायबल वर्गाला बसलो, की चष्मा पुसत त्यांचा पहिला प्रश्न यायचा, "त्यातलं केलं काय?" आम्ही सात-आठ बायका लगेच पदर सारखा करायला लागायचो. "सासूशी आठवडाभर गोड बोलले," असं मी एकदा ठोकून दिलं. बाई म्हणाल्या, "तुझी सासू कालच भेटली होती गं मला भाजीबाजारात." झालं! पुढचा तासभर मी मान वर केली नाही.

शरणपूरच्या आमच्या चर्चच्या मंडळीत त्यांचा मोठा दरारा. तीस वर्षं नर्स होत्या, त्यामुळे बोलणंही तसंच. "औषधाची चिठ्ठी रोज वाचून ताप उतरतो का? गोळी गिळावी लागते!" खरं सांगते, मला त्यांचा राग यायचा. पण कुणाच्या घरी आजारपण आलं, की पेजेचा डबा घेऊन सगळ्यांत आधी त्याच हजर. मग काय बोलणार?

सत्त्याण्णव साल असेल. भावानं चूक केली तर आधी त्याला एकट्याला गाठून सांग, नाही ऐकलं तर एक-दोघांना सोबत ने, आणि तरीही नाही ऐकलं तरच मंडळीला सांग, ही येशूची शिकवण त्या बुधवारी बाई समजावून देत होत्या. मध्येच थांबल्या. "हे मी केलेलं नाही," म्हणाल्या.

त्यांचा धाकटा भाऊ शांतवन आमच्याच मंडळीत प्रचारक होता. तो चोरून दारू पितो हे कळताच बाईंनी भर उपासनेत उभं राहून सगळ्यांसमोर सांगितलं होतं. त्याचं काम गेलं. तो मालेगावला निघून गेला आणि अकरा वर्षं बहिणीशी बोलला नाही. "खोटं नव्हते बोलले," बाई म्हणाल्या, "पण पहिली पायरी गाळून थेट शेवटची गाठली. रोज वाचत होते गं, आणि हेच दिसलं नाही!" त्यांना रडताना आम्ही पहिल्यांदाच पाहिलं.

येत्या रविवारी चर्चमध्ये प्रभुभोजन होतं, येशूच्या आठवणीत भाकर नि द्राक्षरस घ्यायचा विधी. "भावाशी समेट होईपर्यंत मी घेणार नाही," असं त्यांनी सांगून टाकलं. पाळकसाहेबांनी परोपरीनं समजावलं, पण बाई कसल्या ऐकतात! सोमवारी मला घेऊन त्यांनी द्वारका चौकातून मालेगावची एसटी पकडली.

शांतवन दारात आला. "शांतवन, मी चुकले रे, मला माफ कर," बाई यंत्रमागांच्या खडखडाटात ओरडून म्हणाल्या. गल्लीतल्या बायका बाहेर आल्या. "आता आणखी काय ऐकवायचंय लोकांना?" म्हणत त्यानं धाडकन दार लावलं. पुढच्या महिन्यातही तेच.

तिसऱ्या खेपेला मी वैतागले. "बाई, दोनदा माफी मागितलीत. आता त्याचं तो बघेल."

"कुठं मागितली? दोन्ही वेळा चारचौघांतच बोलले. वर तुला साक्षीला उभी केली. पुन्हा तीच चूक! आज तू इथंच थांब."

मला कोपऱ्यावरच्या चहाच्या टपरीवर बसवून त्या एकट्या गेल्या, हळूच कडी वाजवली. दार उघडलं, आणि त्यांना आत घेऊन पुन्हा लागलं. तीन चहा झाले माझे. शेवटी बाहेर आली ती दोघं, डोळे लाल झालेले. त्यानं बहिणीला हाताला धरून पायरी उतरवलं.

परतीच्या एसटीत मी नाना तऱ्हांनी विचारून पाहिलं, पण बाईंनी ताकास तूर लागू दिली नाही. पुढच्या प्रभुभोजनाला भाऊ-बहीण एकाच बाकावर होते.

सात वर्षांनी बाई गेल्या. दफनविधी आटोपल्यावर शांतवन एकटाच उभा होता. माझा स्वभाव मेला गप्प बसणारा नाही. जवळ जाऊन विचारलंच, "त्या दिवशी बाई काय बोलल्या हो तुमच्याशी?"

"अक्का माझ्याकडे एकटी आली होती, ताई," तो म्हणाला. "ते मी मंडळीला सांगत बसू?"

मला तिथंच रडू कोसळलं.