लावरीचा झुपका

कुरणावर गवत कापणाऱ्याला सगळे गवत्याच म्हणत. त्याचा हात असा साफ की कापलेली जमीन नुकतीच हजामत केल्यासारखी दिसे. बायको काठीने गवत हलवत पुढे चाले, तो मागून विळा चालवी.

लावरी दिसायची ती तिलाच. मुठीत मावेल एवढा भुंडा पक्षी. वाळल्या गवताच्या रंगाची पाठ, वर काड्यांसारख्या फिकट रेघा. अंड्यांवर बसली की पायाखाली येईस्तोवर हलायची नाही. उडालीच तर भर्रकन, आणि जरा पुढे पुन्हा गवतात गडप. घरटं म्हणजे नुसता खळगा. तो दिसला की बायको त्याच्याभोवतीचा झुपका राखायला लावी, शिवाय इकडेतिकडे रिकामे झुपकेही सोडायला लावी.

"हे कशाला आणखी? मालक म्हणेल, विळा बोथट झाला."

"म्हणू दे. बायकोचं ऐकून अजून कुणी मेलेलं नाही."

तो हसून तसं करी. कारण मात्र त्याने कधी विचारलं नाही.

या वर्षी तिने अंथरूण धरलं. आता उठणं नाही, हे दोघांनाही कळलं होतं.

"लावरी दिसली तर सांगा हं," ती म्हणाली. "पिल्लं निघाल्याचं ऐकायचंय मला."

गवत्याने स्वतःच काठी घेतली आणि पाठ मोडेस्तोवर वाकून घरटं शोधलं. ते ऐकून ती त्या दिवशी दोन घास जास्त जेवली. त्याने झुपका राखला आणि बाकीचं कुरण अगदी जीव ओतून लख्ख कापलं.

पुढच्या खेपेला पाहतो तो खळग्यात फुटकी टरफलं, भोवती पिसं, आणि कुंपणावर कावळे.

तो घरी आला नि उंबऱ्यातच बसला. तिने तोंड पाहून ओळखलं.

"अहो, झुपके किती ठेवले होते?"

"एकच. तिचा."

तिने डोळे मिटले. "उघड्या रानात एकच झुपका! कावळ्याला बोटाने घरटं दाखवल्यासारखंच की. रिकामे त्याच्यासाठी असायचे. एकेक उकरून तो कंटाळायचा, नि निघून जायचा."

"तू कधी बोलली नाहीस गं."

"मला वाटलं, तुम्हाला ठाऊक असेल."

तो उठून तिच्या उशाशी बसला.

"आणखी काय काय सांगायचं राहिलंय? आता सांग."

"पुष्कळ आहे," ती डोळे न उघडता म्हणाली. "आज नको. दमले मी."